गुणपत्रिकेवरचे नाव आणि छातीतली धडधड

दवाखान्यात औषधापेक्षा कागदासाठी येणारी माणसे काही कमी नसतात. आजारपणाच्या रजेचा दाखला, नोकरीसाठी फिटनेस, वाहन परवान्यासाठी डोळ्यांची तपासणी, मुलाला कबड्डीच्या संघात घ्यायचे म्हणून प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला. मस्तगडातल्या माझ्या दवाखान्यात एखाद्या सोमवारी तापाचे रुग्ण पाच आणि सर्टिफिकेटवाले आठ, असेही होते. गेल्या काही वर्षांत मात्र एका नव्या दाखल्याची मागणी अधूनमधून होऊ लागली आहे. "डॉक्टर, मी पुरुष आहे असे लिहून द्या," किंवा "मी स्त्री आहे असे लिहून द्या." मागणारी माणसे शिकलेली, नीटनेटकी आणि बहुधा पंचविशीच्या आतबाहेरची असतात. हा दाखला त्यांना स्वतःसाठी नको असतो. कुठल्या तरी टेबलावरच्या माणसाने "डॉक्टरचे आणा" म्हणून सांगितलेले असते. कारण बहुतेक वेळा एकच: आधार कार्डावर एक नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्यांना एका रुग्णाची हकिगत सांगतो. ओळख पटेल असे काही त्यात ठेवलेले नाही.

पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण, बरोबर त्याची आई. तक्रार अशी की छातीत धडधडते, रात्री झोप लागत नाही, जेवण तुटले आहे. नाडी मिनिटाला ११०, रक्तदाब १५०/९६. या वयात एवढा रक्तदाब म्हणजे कारण शोधलेच पाहिजे. ई.सी.जी. काढला, त्यात वेग सोडला तर काही नव्हते. थायरॉईडची तपासणी केली, तीही ठीक. जन्माच्या नोंदीत हा मुलगी होता. पुढे मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांकडून रीतसर उपचार सुरू झाले, हार्मोनची इंजेक्शने सुरू झाली, नाव बदलले. हे सारे त्याने न लपवता सांगितले. हिमोग्लोबिनही पाहिले, ते काळजी करण्याइतके वाढलेले नव्हते. मग त्याने प्लास्टिकची पिशवी उघडली आणि रिपोर्ट काढावेत तशा गुणपत्रिका टेबलावर मांडल्या. दहावी, बारावी, बी.एस्सी.ची तिन्ही वर्षे. गुण चांगले, पण सगळीकडे नाव मुलीचे.

एका खासगी कंपनीत त्याची निवड झाली होती. कागद तपासण्याच्या दिवशी तिथल्या माणसाने विचारले, "ही गुणपत्रिका तुमच्या बहिणीची आहे का?" त्याच्या मागे रांग उभी होती. उत्तर न देता तो पिशवी उचलून बाहेर आला. त्यानंतर शाळेत गेला, शाळेने पुढच्या कार्यालयाकडे पाठवले, त्या कार्यालयाने पुन्हा शाळेकडे. तिसऱ्या ठिकाणी सांगितले की आधी पहिल्या दोघांकडून बदलून आणा. अनोळखी नंबरचा फोन वाजला तरी धडधड सुरू व्हावी, अशी आता त्याची अवस्था झाली होती.

आई एवढा वेळ गप्प होती. ती म्हणाली, "साहेब, मला त्या कागदाचं काही कळत नाही. पोरगं रात्रभर पंख्याकडं बघत पडतंय, तेवढं बघा."

तिला काय म्हणायचे होते ते मला कळले. त्याला मी सरळ विचारले, जीव द्यावासा वाटतो का? वाचकहो, असे विचारायला घरची माणसे घाबरतात. विचारल्याने मनात नसलेला विचार शिरेल असे त्यांना वाटते. तसे होत नाही, उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. अशी शंका आल्यास त्या माणसाला एकटे ठेवू नये, औषधे आणि कीटकनाशके हाताशी ठेवू नयेत, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येते.

धडधडीवर गोळी देता येते, मीही दिली. झोपेचीही थोडे दिवस दिली. पण दुखण्याचे मूळ त्या पिशवीत होते, आणि माझ्या औषधांच्या कपाटात त्यावर काही नव्हते. म्हणून या विषयाचे कायदे आणि निवाडे वाचू लागलो. त्यातले आपल्या भागातल्या माणसाला उपयोगी पडेल असे इथे देत आहे.

आधी वैद्यकाचे थोडे

शरीर एका लिंगाचे आणि मनातली स्वतःची ओळख दुसऱ्या लिंगाची, असे काही माणसांत असते. याला हल्ली पारलिंगी म्हणतात. आपल्याकडे सगळ्यांना सरसकट तृतीयपंथी म्हणण्याची पद्धत आहे, पण टाळ्या वाजवत फिरणारे तेवढेच पारलिंगी हा समज चुकीचा आहे. बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करणारेही असतात, फक्त ते तुमच्या लक्षात येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली. ती आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू झाली. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सर्व राज्य वैद्यकीय परिषदांना कळवले की उपचाराच्या नावाखाली अशा माणसाला 'बदलण्याचा' प्रयत्न करणे ही डॉक्टरची व्यावसायिक गैरवर्तणूक समजावी. तेव्हा शॉक द्या, बुवाकडे न्या, लग्न लावून द्या म्हणजे ठीक होईल, हे सल्ले बंद करावेत. लग्नाच्या सल्ल्याने तर एकाऐवजी दोन जीव दुःखात पडतात.

याहून वेगळी एक अवस्था आहे. तिचे उदाहरण आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातले असल्यामुळे अनेकांना आठवत असेल. माजलगाव तालुक्यातील राजेगावचे पोलीस शिपाई ललित साळवे. ते पोलिसात महिला म्हणून भरती झाले होते. तपासणीत त्यांच्या शरीरात पुरुषाचे वाय गुणसूत्र आढळले, म्हणजे जन्मतःच रचना वेगळी होती आणि नोंद मुलीची झाली होती. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती मिळाली नाही, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१८ मध्ये शासनाने परवानगी दिली आणि त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. नंतर ते पुरुष शिपाई म्हणून त्याच खात्यात रुजू झाले. २०२० मध्ये त्यांचे लग्न झाले, २०२४ मध्ये मुलगा झाला. वैद्यकीय कारण वेगळे असले तरी कागदाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच असतो: माणूस तोच, नोंद बदललेली. साळवे यांच्या बाबतीत खात्याने तोच माणूस मानला, म्हणून नोकरी टिकली.

नोंद बदलायला एवढी अडचण का?

कारकुनाला शिव्या देणे सोपे आहे. पण शाळेचे जनरल रजिस्टर हा आपल्याकडचा फार मोलाचा दस्तऐवज आहे. जन्मतारीख त्यावरून ठरते, जातीच्या दाखल्याला ते लागते, जात पडताळणी समिती आजोबांच्या शाळेचे पानसुद्धा मागते. त्यात कोणीही येऊन खाडाखोड करू लागला तर काय होईल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतर नाव, आडनाव, जात, जन्मतारीख बदलण्यावर माध्यमिक शाळा संहितेने बंधन घातले. अपवाद ठेवला तो उघड दिसणाऱ्या चुकीचा.

नेमकी इथेच गाठ बसते. 'सुनिता'चे 'सुनीता' करायचे असेल तर ती चूक आहे, दुरुस्त करता येते. पण आमच्या या तरुणाच्या नोंदीत मास्तरांनी काहीच चूक केलेली नव्हती. त्या वेळी घरच्यांनी जे सांगितले तेच लिहिले. म्हणजे हा अर्ज चूकदुरुस्तीचा नाही, बदलाचा आहे. आणि कार्यालयातला छापील नमुना असतो तो चूकदुरुस्तीचा. अर्जदार चुकीच्या नमुन्यावर अर्ज करतो, कारकून 'चूक सिद्ध होत नाही' म्हणून परत पाठवतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि वर्ष निघून जाते.

खरे म्हणजे बदललेल्या नावाची आपल्याला सवय नाही असे मुळीच नाही. आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी जन्मलेल्यांच्या जुन्या कागदांवर जिल्हा औरंगाबाद आहे, परतूरकरांच्या कागदांवर परभणी. माझ्या स्वतःच्या एम.बी.बी.एस.च्या पदवीवर नुसते 'मराठवाडा विद्यापीठ' आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, पण विद्यापीठाचे नाव जुळत नाही म्हणून माझी पदवी कोणी परत केली नाही. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले तेव्हाही तिथल्या लोकांच्या गुणपत्रिका रद्दी ठरल्या नाहीत. घरोघरच्या सुना पाहा. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे. कोणाकोणाचे तर पहिले नावही तांदळात लिहून बदलले जाते. लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातले पान जोडले की काम होते. मग पहिल्या नावाबरोबर लिंगाचा रकाना बदलला की सगळ्यांचे हात का थांबतात? माझ्या मते तिथे नियमापेक्षा संकोच मोठा असतो.

कायदा काय म्हणत आला, हेही पाहू. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांच्या पीठाने 'नाल्सा' प्रकरणात निकाल दिला की आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही. त्यानंतर २०१९ चा पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला, तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. पाठोपाठ २०२० मध्ये नियम निघाले. त्या नियमांप्रमाणे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा होता, सोबत प्रतिज्ञापत्र द्यायचे होते, आणि शारीरिक तपासणी न करता तीस दिवसांत ओळखीचे प्रमाणपत्र मिळायचे होते. शस्त्रक्रियेनंतर लिंगाची नोंद स्त्री किंवा पुरुष अशी करून घ्यायची असेल, तर जिथे शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला लागत होता. आमच्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरच्या चिठ्ठीला त्यात कुठेच जागा नव्हती. "डॉक्टरचे आणा" म्हणणाऱ्या टेबलांनी ही गोष्ट वाचलेली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. असे कायदे आणि नियम दुरुस्त होत असतात. म्हणून कोणाच्या जुन्या अनुभवावर न जाता, अर्ज करायच्या दिवशी कोणता नियम लागू आहे ते समाज कल्याण विभागाच्या सहायक आयुक्त कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारावे, आणि शक्यतो लेखी घ्यावे.

२०२० च्या त्या नियमांतली एक ओळ मला फार शहाणपणाची वाटली. त्यांच्या जोडपत्रात जन्मदाखला, आधार, पॅन, पासपोर्ट यांच्याबरोबर शाळा, मंडळ, महाविद्यालय आणि विद्यापीठ यांनी दिलेली प्रमाणपत्रेही होती. आणि असे लिहिले होते की बदललेल्या कागदावर क्रमांक मूळचाच राहील. नाव नवे, फोटो नवा, क्रमांक मात्र जुना. रुग्णालयात काम केलेल्यांना हे लगेच समजेल. केसपेपरवर नाव कसेही पडो, नोंदणी क्रमांक एकच असला की दहा वर्षांपूर्वीचा एक्स-रे त्याच माणसाचा म्हणून सापडतो. तसेच हे. क्रमांक कायम राहिल्यामुळे कारकुनाची फसवणुकीची भीती संपते आणि अर्जदाराला रांगेत उभे राहून बहिणीची चौकशी ऐकावी लागत नाही.

'आधी ते आणा'

या प्रश्नावर न्यायालयात गेलेल्यांत एक प्रकरण मुंबईचे आहे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणजे 'टिस'च्या एका माजी विद्यार्थ्याने बदललेले नाव आणि लिंग घालून कागद मागितले. संस्थेचे म्हणणे पडले की त्याआधीचे शाळा-कॉलेजचे कागद बदलून आणा. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांनी हा आग्रह मान्य केला नाही आणि संस्थेला बदल करून देण्यास सांगितले. अशा बदलासाठी अर्जाचा नमुना शिक्षणसंस्थांच्या संकेतस्थळांवरच असावा, असेही त्यांनी सुचवले. जन्माच्या वेळची नोंद त्या वेळी खरीच होती, ती मुळापासून उकरण्याचा हट्ट कशाला, हा त्यामागचा विचार मला पटतो.

दुसरे प्रकरण तर आमच्याच व्यवसायातले. मणिपूरच्या डॉ. बिओन्सी लैश्राम. इंफाळच्या वैद्यकीय संस्थेत शिकलेल्या, पारलिंगी स्त्री. कायद्याप्रमाणे ओळखीचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे होते, पण दहावीपासून एम.बी.बी.एस.पर्यंतचे कागद जुन्या नावाचे. विद्यापीठाचे म्हणणे असे की सुरुवात पहिल्या परीक्षेच्या प्रमाणपत्रापासून व्हायला हवी. डॉक्टरच्या बाबतीत नाव जुळले नाही तर काय होते ते मी सांगू शकतो. वैद्यकीय परिषदेची नोंदणी त्या पदवीवर असते, औषधाच्या चिठ्ठीवर तोच क्रमांक घालावा लागतो, पुढच्या शिक्षणाचा अर्ज त्याच नावाने भरावा लागतो. २०२५ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाचे न्या. गुणेश्वर शर्मा यांनी शालान्त मंडळ, उच्च माध्यमिक परिषद आणि विद्यापीठ यांना नव्या नावाची प्रमाणपत्रे एका महिन्यात देण्याचा आदेश दिला.

आपल्या औरंगाबाद खंडपीठाचाही एक निकाल सांगण्यासारखा आहे, जरी तो शिक्षणाचा नाही. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव जागेवर अर्ज भरला, तो पारलिंगी म्हणून फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये न्या. रवींद्र घुगे यांनी तो स्वीकारण्यास सांगितले. त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या. गावाने मते दिली, ही बाब मला निकालाइतकीच महत्त्वाची वाटते.

आता एक जुनी, विलायतेतली गोष्ट, तीही एका डॉक्टरचीच. मायकेल डिलन यांचा जन्म १९१५ चा, सरदार घराण्यात, मुलगी म्हणून. ऑक्सफर्डला ते स्त्रियांच्या सेंट ॲन्समधून शिकले. पुढे हार्मोन घेऊ लागले आणि १९४४ मध्ये जन्मनोंद पुरुष म्हणून बदलून घेतली. १९४५ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकीला प्रवेश घ्यायचा तर ऑक्सफर्डचा कागद लागणार, आणि त्यावर स्त्रियांच्या कॉलेजचे नाव. तेव्हा त्यांच्या एका जुन्या शिक्षकाने रदबदली केली आणि ते पुरुषांच्या ब्रेझनोज कॉलेजातून पदवीधर झाल्याची नोंद करून घेतली. सर हॅरॉल्ड गिलीज या नामांकित प्लास्टिक सर्जननी शस्त्रक्रिया केल्या, पण दप्तरात निदान लिहिले मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषाचे. १९५१ मध्ये डिलन डॉक्टर झाले, जहाजावर नोकरीला लागले. सगळे सुरळीत चालले होते. पण इंग्लंडमधल्या सरदार घराण्यांची माहिती देणारे दोन जाडजूड ग्रंथ असतात, डेब्रेट आणि बर्क. एकात त्यांची नोंद भाऊ म्हणून झाली, दुसऱ्यात बहीण म्हणूनच राहिली. दोन पुस्तके जुळेनात, म्हणून १९५८ मध्ये वर्तमानपत्रांनी खोदकाम केले आणि सगळे छापले. डिलन जहाज सोडून भारतात आले, बौद्ध भिक्षू झाले, आणि १९६२ मध्ये डलहौसीला वारले. वय पन्नासच्या आत होते.

त्या शिक्षकाबद्दल आणि गिलीजबद्दल मला आदरच वाटतो. त्या काळी दुसरा रस्ता नव्हता. पण दयेपोटी केलेली खोटी नोंद आयुष्यभर राखत बसावी लागते, आणि दुसरीकडचे एखादे पुस्तक ती उघडी पाडते. म्हणून आजही कोणी मला सहानुभूतीने का होईना, "जन्मजात दोष आहे असे लिहून द्या, लवकर काम होईल" म्हटले तर मी लिहीत नाही. मी तपासले तेवढेच लिहितो: अमुक तारखेपासून माझ्याकडे उपचार घेतात, प्रकृती कामास योग्य आहे. पूर्वीच्या नावाच्या केसपेपरचा क्रमांक मात्र त्यात जरूर घालतो, म्हणजे दोन नावांमधला धागा राहतो.

आता रुग्णांसाठी दोन-चार उपयोगी गोष्टी. शस्त्रक्रियेला दाखल होण्याआधी आधार, रुग्णालयाची नोंद आणि विम्याचा कागद यांवर नाव एकच आहे ना ते पाहून घ्यावे. डिस्चार्ज कार्ड पुढे वर्षानुवर्षे लागते आणि ते नंतर बदलून मिळवणे जिकिरीचे असते. रक्त तपासणीच्या वेळी कोणती हार्मोन्स चालू आहेत ते लॅबमध्ये किंवा निदान आपल्या डॉक्टरला सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ पेक्षा कमी आणि गरोदर नसलेल्या स्त्रीचे १२ पेक्षा कमी असले तर पंडुरोग समजतात. टेस्टोस्टेरॉनने हिमोग्लोबिन वाढते, कधी नको इतके वाढून रक्त दाट होते. रिपोर्टवर नुसते 'स्त्री' किंवा 'पुरुष' पाहून निष्कर्ष काढला तर फसगत होते. नाव पुकारतील या भीतीने तपासणीच टाळणारे मी पाहिले आहेत, म्हणून माझ्या दवाखान्यात कंपाउंडरला सांगून ठेवले आहे की नंबर पुकारायचा, नाव नाही. त्याचा फायदा इतर रुग्णांनाही झाला.

मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाने घेणाऱ्या पारलिंगी स्त्रियांना मात्र कडक शब्दांत सांगतो: त्या गोळ्यांतील इस्ट्रोजेनने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती फुप्फुसात गेली तर जीव जातो. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांना धोका आणखी जास्त. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली किंवा दम लागला तर सकाळची वाट पाहू नका. आणि गर्भाशय शरीरात असेल तर त्याची तपासणीही चुकवू नका, कागदावर काहीही लिहिलेले असो.

तो तरुण अजून येतो. रक्तदाब आता १२६/८२ असतो, झोपेची गोळी बंद केली आहे. जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र त्याच्याकडे आधीच होते. त्याने या वेळी अर्ज चूकदुरुस्तीच्या नमुन्यावर न लिहिता साध्या कागदावर 'नाव व लिंग यांत बदल' असा विषय घालून लिहिला, नियमाचा आणि मुंबईच्या निकालाचा उल्लेख केला, परीक्षा क्रमांक ठळक लिहिले आणि प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकाची पोच घेतली. दहावी आणि बारावीचे कागद बदलून आले. बी.एस्सी.चे व्हायचे आहेत. दरम्यान दुसऱ्या एका ठिकाणी त्याने मुलाखतीच्या आधीच लिफाफ्यात प्रमाणपत्राची प्रत घालून दिली, तिथे बहिणीची विचारपूस झाली नाही.

त्याच्या पिशवीवरून एक सूचना मात्र सगळ्याच वाचकांना करावीशी वाटते. मूळ गुणपत्रिका लॅमिनेट करून ठेवण्याची आपल्याकडे फार हौस आहे. त्या प्लास्टिकवर शिक्का उमटत नाही, शेरा लिहिता येत नाही, आणि सोलायला गेले तर कागदही निघतो. साध्या फाईलमध्ये ठेवा. आणि नवी प्रत हातात पडली म्हणून जुनीची झेरॉक्स फेकून देऊ नका, दोन्ही एकाच पिनेत ठेवा.